४:१ बलून लावला तरी ४० मीटरवर एसडब्ल्यूआर ३.६, काय चुकतंय?

टाकीवरचा_डायपोल (डोंबिवली) | शनिवार, रात्री ११:५२

नमस्कार मंडळी. हॅम रेडिओचं व्हीयू३ लायसन मिळून चार महिने झाले, एवढे दिवस नुसतं ऐकत होतो, आता सोसायटीच्या गच्चीवर (पाच मजली, लिफ्टच्या खोलीला बांबू बांधून) ४० मीटरचा (म्हणजे ७ मेगाहर्ट्झच्या बँडचा) इन्व्हर्टेड व्ही टाकलाय, मधे उंच आणि दोन्ही पाय खाली झुकलेला तारेचा डायपोल अँटेना. दोन्ही तारा मिळून २०.१ मीटर, १४३ भागिले ७.१ हे गणित करून कापलेल्या, साधी घरातली पीव्हीसी वायर. मधे ऑनलाईन मागवलेला ४:१ बलून (अँटेना आणि केबल यांच्यामधे बसवायचा डबा), खाली २० मीटर आरजी-५८ केबल थेट बेडरूममधे.

आता रडगाणं. ७.१ ला एसडब्ल्यूआर (अँटेना जुळत नसल्याने किती पॉवर परत फिरते त्याचं माप, १ म्हणजे उत्तम) ५ च्या वर. सगळ्यात कमी मिळतो तो ३.६, आणि तोही ६.९३ ला म्हणजे बँडच्या बाहेरच. ट्यूनर लावला की मीटर गप्प बसतो, पण मग एफटी८ (लॅपटॉपवरून चालणारा डिजिटल मोड) सुरू केलं की लॅपटॉपचं यूएसबी लटकतं, माईकच्या जाळीला ओठ लागला तर बारीक मुंगी चावल्यासारखं होतं, आणि काल तर मी सीक्यू (कोणी आहे का, अशी हाक) दिल्यावर समोरच्या आजींची डोअरबेल वाजली. त्या दार उघडून बघतात, कोणी नाही. दोनदा झालं असं. तिसऱ्यांदा त्या सरळ माझ्याकडेच आल्या.

९:१ चा बलून घेऊ का आता? ४:१ कमी पडतोय असं वाटतंय.

(बायको विचारते कसला फुगा आणलास आठशे रुपयांचा.)

सोल्डरफ्लक्स (पुणे) | शनिवार, रात्री १२:१०

नको. थांब. पैसे घालवू नकोस.

बलूनच्या सॉकेटपाशीच, मधे केबल न घेता नॅनोव्हीएनए (अँटेना मोजायचं छोटं यंत्र) लाव आणि ६.९३ ला रेझिस्टन्स किती दाखवतो ते सांग.

किरकिर (कोल्हापूर) | रविवार, सकाळी ६:३५

आमच्या काळात बलून-फिलून काही नव्हतं. केबल सोलायची, आतली तार एका बाजूला, जाळी दुसऱ्या बाजूला, खलास. तीस वर्षं जपान, ऑस्ट्रेलिया सगळं केलंय त्याच्यावर. हल्लीच्या पोरांना बाजारातून डबे आणायची हौस.

टाकीवरचा_डायपोल | रविवार, सकाळी ११:२०

@सोल्डरफ्लक्स, गच्चीवर जाऊन आलो, ऊन मरणाचं. १४ ओम दाखवतो, रिअ‍ॅक्टन्स जवळजवळ शून्य.

सोल्डरफ्लक्स | रविवार, सकाळी ११:३१

१४ × ४ = ५६.

अरे तुझा अँटेना ठणठणीत आहे, डबाच आजार आहे. ५६ ओमचा अँटेना तू त्या डब्यातून चारने भागून १४ केलास आणि मग रिगला (रेडिओला) म्हणतोस ५० समज. ५० भागिले १४, बरोब्बर ३.६. तुझा मीटर अगदी खरं बोलतोय. आता ९:१ लावलास तर ५६ चे ६ ओम होतील आणि एसडब्ल्यूआर ८ च्या पुढे जाईल.

४:१ म्हणजे 'जास्त ताकदीचा' बलून नव्हे. तो आकडा फक्त इम्पिडन्सचं (ओममधे मोजलेल्या एकूण अडथळ्याचं) गुणोत्तर सांगतो. ज्या अँटेनाचा फीडपॉईंट (केबल जोडायची जागा) २०० ओमच्या आसपास आहे त्यालाच तो. मोकळ्या अवकाशातला अर्ध्या तरंगलांबीचा डायपोल ७३ ओम, जमिनीजवळ आणला आणि पाय खाली झुकवले की ५०-६० वर येतो. त्याला रूपांतर लागतच नाही.

६.९३ ची भानगड वेगळी आहे, ती यात मिसळू नकोस. पीव्हीसी इन्सुलेशनमुळे तार विजेच्या दृष्टीने थोडी लांब 'भासते', १४३ वालं सूत्र उघड्या तांब्याचं आहे. २०.१ ला ६.९३ ने गुण आणि ७.१ ने भाग, १९.६ येईल. म्हणजे दोन्ही टोकांकडून साधारण २४-२४ सेंमी कमी. कापू नकोस, नुसती मागे दुमडून तारेवरच पीळ दे, उद्या लागली तर सोडता येते.

रेवा_एफटी८ (नाशिक) | रविवार, दुपारी १:०५

बापरे, १४ वरून ५६ काढणं हे मला सुचलंच नसतं. वाचनखूण साठवली.

एक बाळबोध प्रश्न विचारू का? मग बलून म्हणजे मॅचिंग ट्रान्सफॉर्मर की बलून म्हणजे ते केबलचं वेटोळं? दोन्हीला लोक बलूनच म्हणतात आणि मी परीक्षेला नुसती व्याख्या पाठ केली होती, बॅलन्स्ड टू अनबॅलन्स्ड.

वाईचा_टीव्हीवाला | रविवार, दुपारी ३:४०

रेवाताई, प्रश्न बाळबोध नाही, चांगले चांगले लोक इथेच अडकतात.

मी १९८० पासून टीव्ही रिपेअरिंग केलं. तेव्हा प्रत्येक कौलावर तो अ‍ॅल्युमिनियमचा सांगाडा असायचा, आमच्या पट्ट्यात बरेचसे सिंहगडाच्या टॉवरकडे तोंड करून. वारा सुटला की घरातला एक गच्चीत, एक जिन्यात, एक टीव्हीपाशी, "आलं का?" "गेलं!" "आता?" त्या सांगाड्यात मधला जो दुमडलेला दांडा असतो ना, लांबट आकड्यासारखा, तो फोल्डेड डायपोल. साध्या डायपोलचे ७३, दुमडला की चौपट, म्हणजे पावणेतीनशे ते तीनशे ओम. म्हणून तर ती चपटी दुहेरी पट्टीची वायर ३०० ओमची असायची. पुढे गोल केबल आली ७५ ओमची, मग टीव्हीच्या मागे एक करंगळीएवढा डबा लावायचो, आत दोन भोकांचा फेराईटचा ठोकळा आणि त्यातून केसासारख्या तारा. ३०० चे ७५. तो तुमचा ४:१ बॅलन. महाराष्ट्रात लाखो घरांत होता, नाव कोणाला माहीत नव्हतं, आम्ही त्याला 'मॅचिंग' म्हणायचो. "काका मॅचिंग जळलंय का बघा."

तर हे झालं एक काम, ओमचं रूपांतर. दुसरं काम वेगळंच आहे आणि या पोराचं डोअरबेलचं दुखणं त्या दुसऱ्या कामातलं आहे. संध्याकाळी लिहितो, आता दारं धरायला जायचंय, आमच्याकडे लाईट दुपारीच असते.

तात्या_ह्यूस्टन | रविवार, दुपारी ४:१५

काकांची पोस्ट वाचून डोळ्यांसमोर आमची चाळ आली, पट्टीची वायर खिळ्याला गुंडाळली की मुंग्या दिसायला लागायच्या ते आठवलं.

अवांतर: बॅलन म्हणा हो, बलून म्हणजे खरंच फुगा.

टाकीवरचा_डायपोल | रविवार, संध्याकाळी ६:५०

झालं!! डबा काढला, केबल थेट जोडली, टोकं दुमडली. ७.०९ ला एसडब्ल्यूआर १.१. ट्यूनर बाजूला ठेवला. सोल्डरफ्लक्सदादा तुम्हाला दंडवत.

पण. लॅपटॉप अजून लटकतोच आहे. आणि एक विचित्र गोष्ट, व्हीएनए खाली शॅकमधे (रेडिओच्या खोलीत) लावलेला असताना केबल हातात धरली की एसडब्ल्यूआर हलतो, १.१ चा १.४ होतो, सोडली की परत. केबल तुटली असेल का आतून?

किरकिर | रविवार, संध्याकाळी ७:०२

बघा. डबा काढल्यावरच चाललं ना? मी काय म्हणत होतो.

वाईचा_टीव्हीवाला | रविवार, रात्री ८:३०

आलो. केबल तुटलेली नाही रे बाळा. तू हातात धरलेली केबल हीच तुझ्या अँटेनाचा तिसरा पाय आहे.

शेतातलं सांगतो. मुख्य पाटाने पाणी आलं, पुढे दोन सऱ्या आहेत डावी-उजवी, दोन्हीला सारखं पाणी जायला हवं. पण उजव्या सरीच्या तोंडालाच एक तिसरी सरी फुटलीय, उलटी मागे विहिरीकडे येणारी, आणि तिच्या तोंडाशी बांध नाही. पाणी काय, उतार मिळेल तिकडे जाणार. उजवी सरी अर्धी कोरडी आणि तुझ्या विहिरीपाशी चिखल. तो चिखल म्हणजे तुझं यूएसबी आणि आजींची घंटा.

केबलच्या जाळीला दोन अंगं आहेत हे ध्यानात घे. एचएफला (आपल्या या बँडसारख्या फ्रिक्वेन्सींना) करंट धातूच्या कातडीवरूनच चालतो, आत शिरत नाही. जाळीच्या आतल्या अंगावरून जो येतो तो मधल्या तारेचा जोडीदार. तो वर टोकाला पोचला की त्याला दोन वाटा, एक डायपोलच्या पायात, दुसरी जाळीच्या बाहेरच्या अंगावरून परत खाली. ही दुसरी वाट म्हणजे तिसरी सरी. चोक बॅलन म्हणजे तिच्या तोंडाशी घातलेला मातीचा बांध, बाकी तो काही करत नाही. आतल्या पाण्याला हात लावत नाही, ओम बदलत नाही, म्हणून त्याला १:१ म्हणतात.

सोल्डरफ्लक्स | रविवार, रात्री ८:५५

+१, याच्यावर मी काय लिहिणार. फक्त किरकिररावांना उत्तर देतो, कारण त्यांचंही खोटं नाही. बिनाबलूनचं चालतं, केबल डायपोलच्या बरोबर मधून सरळ खाली काटकोनात उतरत असेल आणि तिची बाहेरची लांबी अर्थिंगपर्यंत अशी पडली असेल की वरून बघताना ती जाळी उंच इम्पिडन्सची दिसते, तर करंट तिकडे जातच नाही. बांधाची जागा नशिबाने उंचवट्यावर आली, एवढंच. डोंबिवलीकर, तुझी केबल कशी उतरते? फोटो टाक.

टाकीवरचा_डायपोल | रविवार, रात्री ९:३०

फोटो चढत नाहीये. तोंडी सांगतो, बांबूवरून गच्चीच्या कठड्यापर्यंत, मग कठड्याकठड्याने ८-९ मीटर (सेक्रेटरींना केबल दिसायला नको म्हणून), मग ड्रेनेजच्या पाईपला धरून खाली.

आणि हो, कठड्याचा तो भाग नेमका डाव्या तारेच्या खालून जातो.

सोल्डरफ्लक्स | रविवार, रात्री ९:३४

हाहा. म्हणजे ती तार आणि केबल हातात हात घालून आठ मीटर चाललेत. तार वरून केबलच्या जाळीत करंट पाडतेय, तो वेगळाच. एक चोक फीडपॉईंटला तर हवाच, दुसरा जमलं तर केबल घरात शिरते तिथे.

रेवा_एफटी८ | रविवार, रात्री १०:१०

मग तो ४:१ चा डबा काढायच्या आधी ही तिसरी सरी का बंद नव्हती? तोही बलूनच होता ना.

सोल्डरफ्लक्स | रविवार, रात्री १०:२८

चांगला मुद्दा. डबा उघडून बघा असं मी सांगणारच होतो. बहुतेक आत एकच कडं आणि त्यावर दोन तारा जोडीने गुंडाळलेल्या दिसतील. हा रुथ्रॉफचा प्रकार, बेल लॅब्जच्या रुथ्रॉफने १९५९ साली लिहिलेला. तो दोन्ही टोकांना सारखं व्होल्टेज द्यायचा प्रयत्न करतो, म्हणून व्होल्टेज बलून. पण दोन पाय जर सारखे नसतील (एक टाकीजवळ, एक मोकळा) तर सारख्या व्होल्टेजला करंट वेगवेगळे वाहतात आणि उरलेला फरक जाळीवरून खाली येतो. त्याच्या आधीचा ग्वानेलाचा, १९४४, स्विस माणूस, तो करंट सारखे ठेवतो. एचएफ डायपोलला आपल्याला हाच हवा. १:१ ग्वानेला म्हणजे दुसरं तिसरं काही नाही, फेराईटमधून ओवलेला केबलचा तुकडा. वॉल्टर मॅक्सवेलने तर १९८३ मधे 'क्यूएसटी' या हॅम मासिकात लिहून केबलवर नुसते ५० फेराईट मणी ओवायचा प्रकार लोकप्रिय केला, मंगळसूत्रासारखा.

नुसताच_वाचक | रविवार, रात्री ११:००

मला रेडिओतलं ओ की ठो कळत नाही पण हा धागा सोडवत नाहीये. आजींचं पुढे काय झालं?

टाकीवरचा_डायपोल | पुढचा शनिवार, दुपारी २:१५

अपडेट. आजींना एफटी८ दाखवलं, लॅपटॉपवर जपान आणि इंडोनेशियाची नावं येताना बघून त्या खुश, पण घंटा वाजता कामा नये ही अट कायम आहे.

चोक केला, आणि फसला. जुन्या कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायमधून पिवळं-पांढरं कडं काढलं, त्यात आरजी-५८ चे जेमतेम चार वळसे बसले. काहीही फरक नाही. शून्य. लॅपटॉप तस्साच लटकतो.

तात्या_ह्यूस्टन | शनिवार, दुपारी ३:०५

अरे ते पिवळं-पांढरं फेराईट नाहीच, लोखंडाची भुकटी दाबून केलेलं कडं. त्याची पर्मिएबिलिटी फारच कमी. दिसायला सगळी कडी सारखीच, हा धंद्यातला सगळ्यात मोठा घोळ. रंगीत असेल तर बहुतेक आयर्न पावडर, काळं-राखाडी बिनरंगाचं असेल तर फेराईट असण्याची शक्यता, पण कोणतं ते मोजल्याशिवाय कळत नाही.

४० मीटरच्या चोकला फेराईटचं ३१ नंबरचं मिश्रण सगळ्यात बरं, ४३ पण चालतं. ६१ नको, ते वरच्या बँडना. एफटी२४०-३१ म्हणून मागा, बाहेरून ६१ मिमी म्हणजे दोन पॉईंट चार इंच, नावातला २४० तो.

सोल्डरफ्लक्स | शनिवार, दुपारी ३:२०

आणि लावायच्या आधी मोजायचं रे! चोकच्या एका टोकाची जाळी व्हीएनएच्या पहिल्या पोर्टच्या मधल्या पिनला, दुसऱ्या टोकाची जाळी दुसऱ्या पोर्टच्या मधल्या पिनला, केबलची आतली तार मोकळी सोडायची. एस२१ (पहिल्या पोर्टातून दुसऱ्यात किती सिग्नल पोचतो) बघ. मायनस २० डीबी म्हणजे साधारण ९०० ओम, मायनस ३० म्हणजे ३ हजार. तुझं पिवळं कडं मायनस २ च्या पुढे जाणार नाही, पैज. साठसत्तर ओमचा बांध घातलायस तू, बेडूकसुद्धा ओलांडेल.

माझ्याकडे एक ३१ चं कडं पडलंय, रविवारी पुण्यात येणार असशील तर घेऊन जा.

किरकिर | शनिवार, दुपारी ४:४०

कडं कशाला पाहिजे? चार इंची पीव्हीसी पाईपवर त्याच केबलचे वीस वळसे घाल. फुकट. हे आम्हीही करायचो खरं म्हणजे, उगाच खोटं कशाला बोलू, १५ मीटरला त्रास व्हायचा तेव्हा केलं होतं.

सोल्डरफ्लक्स | शनिवार, दुपारी ५:०५

तीस वर्षांत पहिल्यांदा कबुली! :)

चालतो तो, पण एक खोट आहे. हवेतल्या वेटोळ्याचा इम्पिडन्स ४० ला हजार-दीड हजार ओम येतो खरा, पण तो जवळपास सगळा इंडक्टिव्ह. केबलची बाहेरची जाळी त्या ठिकाणी कपॅसिटिव्ह दिसत असेल तर दोघं एकमेकांना खाऊन टाकतात आणि बांध घालूनही पाणी पूर्वीपेक्षा जास्त वाहतं. फेराईट ३१ चा इम्पिडन्स या बँडला बराचसा रेझिस्टिव्ह असतो, त्याला कोणी खाऊ शकत नाही. म्हणून तर तो थोडा गरमही होतो.

रेवा_एफटी८ | शनिवार, रात्री ९:१५

माझं वेगळंच आहे, गच्चीवर एकच खांब आणि सोसायटीची परवानगी एकाच तारेची. म्हणून एंडफेड हाफवेव्ह (एकाच टोकाला केबल जोडलेली तार) करतेय, ४९:१ ट्रान्सफॉर्मर लावून. एफटी२४०-४३ वर प्रायमरी २ आणि सेकंडरी १४ वळसे, प्रायमरीला आडवा १०० पिकोफॅरडचा कपॅसिटर. हा बलून की अनअन?

वाईचा_टीव्हीवाला | शनिवार, रात्री ९:५०

अनअन. दोन्ही बाजू अनबॅलन्स्ड. १४ भागिले २ म्हणजे ७, साताचा वर्ग ४९. टोकाला अडीच हजार ओम असतात तिथे, ते ४९ ने भागून ५० आणायचे. तू तार बांधायच्या आधी ट्रान्सफॉर्मर टेबलावर तपास, ४.७ किलोओमचे दोन कार्बन रेझिस्टर समांतर जोड, २३५० होतात, ते टोकाला लाव आणि एसडब्ल्यूआर बघ. वायरवाऊंड रेझिस्टर घेऊ नकोस, ती स्वतःच गुंडाळी असते.

एक सांगून ठेवतो, ५० वॅटला त्या टोकाला साडेतीनशे व्होल्ट आरएफ असतं. मुलं, कबुतरवाले, डिश टीव्हीवाला, कोणाचाही हात पोचणार नाही असं बांध. चटका बसला की माणूस दचकून गच्चीवरून पडेल ही खरी भीती.

तात्या_ह्यूस्टन | शनिवार, रात्री १०:२०

आणि एंडफेडलाही केबलची जाळीच परतीची वाट असते, तेव्हा चोक अगदी ट्रान्सफॉर्मरला चिकटून नको, थोडी केबल (४० ला एक-दोन मीटर) सोडून मग चोक. नाहीतर सगळी वाटच बंद.

टाकीवरचा_डायपोल | पंधरा दिवसांनी, रविवार, रात्री १०:४०

मंडळी, शेवटचा रिपोर्ट. दादांकडून कडं आणलं (सोबत पोहे आणि दोन तास लेक्चर). ११ वळसे, त्यातले ६ एका बाजूला, मग केबल कड्याच्या मधून पलीकडे नेऊन ५ दुसऱ्या बाजूला, म्हणजे आत-बाहेरची टोकं समोरासमोर येतात. एस२१ मायनस ३२. इलेक्ट्रिशियनच्या दुकानातल्या पीव्हीसी जंक्शन बॉक्समधे बसवला, केबलची भोकं एम-सीलने बुजवली.

केबल आता डाव्या तारेखालून नाही, मधून उतरवली आहे. सेक्रेटरींना दिसली. बोलणी खाल्ली. असो.

७.०७४ ला ५० वॅटवर सलग दीड तास एफटी८, लॅपटॉप एकदाही लटकला नाही. केबल हातात धरली, मुठीत आवळली, एसडब्ल्यूआरचा काटा ढिम्म. माईकची मुंगी गेली. आणि ज्याची अपेक्षाच नव्हती ते म्हणजे रिसीव्हरची खरखर, आधी सिग्नल मीटरवर एस७ वर असायची ती एस५ वर आली. लिफ्ट सुरू झाली की जी कुरकुर यायची ती पण निम्मी. आजींकडे जाऊन विचारून आलो, घंटा नाही. त्यांनी बेसनाचा लाडू दिला.

सोल्डरफ्लक्स | रविवार, रात्री १०:५२

जी वाट बाहेर जाताना उघडी होती तीच आत येतानाही उघडी होती ना. बिल्डिंगमधल्या सगळ्या एलईडी बल्बांची आणि चार्जरांची घाण जाळीवरून चढून वर फीडपॉईंटला अँटेनात मिसळत होती.

बॉक्सच्या तळाला ३ मिमीचं एक भोक पाड, सगळं बुजवलंस तर आत दव साचेल. पावसाळा डोंबिवलीचा आहे. भोकाला बारीक जाळी लाव, नाहीतर मुंग्या घर करतात, स्वानुभव.

किरकिर | सोमवार, सकाळी ६:२०

मायनस ३२ म्हणजे किती ओम झाले?

टाकीवरचा_डायपोल | सोमवार, सकाळी ८:०५

साधारण ३९०० काका.

किरकिर | सोमवार, सकाळी ८:११

हं. ते कडं कुठे मिळतं म्हणालात?

नुसताच_वाचक | सोमवार, सकाळी ९:३०

लाडू!! धागा सुफळ संपूर्ण.

टाकीवरचा_डायपोल | सोमवार, सकाळी ९:४५

आता त्या आठशे रुपयांच्या ४:१ डब्याचं काय करू? उघडून बघितला, दादा म्हणाले तसंच, एक कडं, दोन लाल तारा.

वाईचा_टीव्हीवाला | सोमवार, सकाळी १०:२०

फेकू नकोस, डबा चांगला आहे, चुकीच्या घरी दिला गेला होता. मी २० मीटरच्या तारेला एक तृतीयांशावर तोडून ओसीएफ (केबल मधोमध न जोडता बाजूला जोडलेला डायपोल) करतोय, ६.७ आणि १३.४, तिथे २०० च्या आसपास ओम येतात, त्याला ४:१ च लागतो. त्याच्यामागे एक चोक मी घालेन. दे पाठवून साताऱ्याच्या एसटीने, स्टँडवरून घेतो. आठशे देणार नाही, तांदूळ पाठवतो.